चारशे सातमधली गुणगुण

१

ही गोष्ट खरी आहे. आईशपथ. आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे या शपथेनं आता कुणाचं वाकडं होण्यासारखं नाही. पण शपथ ती शपथ. यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. म्हणजे एका ठिकाणी घातलंय, ते कुठलं ते शेवटी सांगेन. आधीचं 'एक अक्षरही नाही' हे वाक्य सोडून द्या. माझी अशी वाक्यं सोडून द्यायची आमच्या घरात सगळ्यांना सवय आहे.

मी दारांचं सामान विकतो. बिजागऱ्या, कड्या, मुठी, कुलपं आणि दार आपोआप हळूच लावून घेणारे ते क्लोजर. नव्या खोलीत शिरलं की माणसं खिडकीतून बाहेर बघतात. मी आधी बिजागरी बघतो. जन्म फिरतीत गेला. आणि फिरतीच्या माणसांत दोन पंथ असतात. एक लॉजवाल्यांचा. पलंग कुरकुरणारा, मालक बडबड्या, नळाला पाणी त्याच्या मर्जीनं, आणि हे लोक वर म्हणणार, "त्यातच खरी मजा." दुसरा पंथ चेन हॉटेलवाल्यांचा. एकाच कंपनीची हॉटेलं, शहरोशहरी. गालिचा तोच, पडदा तोच, भिंतीवरचं चित्रही तेच, जे उगवत्या सूर्याचं आहे की फुटलेल्या अंड्याचं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी पहिल्या पंथात उमेदीची वर्षं घालवली. मग एका लॉजमध्ये अंधारात दिव्याचं बटण चाचपताना भिंतीऐवजी कुणाच्या तरी नाकावर हात पडला. ते नाक कुणाचं, ती गोष्ट वेगळी आहे, तीही खरीच आहे. पण तेव्हापासून पंथ बदलला.

आणि बदलला तो असा की पुजाऱ्यापेक्षा माझं सोवळं कडक. नुसती चेन तीच नव्हे, खोलीही तीच हवी. चारशे सात. शाखा कुठलीही असो, जुन्या गिऱ्हाइकाला मागेल तो नंबर देतात. लिफ्टमधून बाहेर, डावीकडे, टोकाची खोली. दोन पलंग, मधे दिवा, समोर टीव्ही, उजवीकडे बाथरूम. पाय आपोआप चालतात, हात आपोआप बटणावर जातो. "कुठल्याही शहरात असलो तरी मी एकाच खोलीत असतो," असं मी बायकोला फुशारकीनं सांगायचो.

ती फुशारकी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

२

बायकोचा धाकटा भाऊ माझ्या हाताखाली धंद्यात आला तेव्हा तिशीला टेकला होता. टक्कल डोकावायला लागलं होतं, लग्न ठरत नव्हतं. त्याला सगळे भुंगा म्हणत, कारण तो बाथरूममध्ये गुणगुणायचा. हौस म्हणून नाही. त्याला कडीची भीती होती. दार बंद चालायचं, पण कडी लावायला हात धजायचा नाही. मग कुणी चुकून आत शिरू नये म्हणून आत असेपर्यंत गुणगुण. चाल एकच, आणि तीही अर्धी. एका जागी यायची, अडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढचं त्याला आठवत नसे.

"कुलपांच्या धंद्यात कडीला घाबरणारा माणूस," मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "म्हणजे रक्ताला भिणारा खाटीक."

"पण भाऊजी, खाटकाला गिऱ्हाईक जास्त मिळेल की. लोकांना दया येईल," तो म्हणाला. पोरगा हजरजबाबी होता. मला आवडायचा. हे मुद्दाम सांगतोय.

भीतीचं कारण साधं होतं. लहानपणी लपाछपीत ताईनं त्याला कपड्यांच्या कपाटात लपवलं, गंमत म्हणून बाहेरून कडी घातली, तेवढ्यात मैत्रिणीची हाक आली आणि ती गेली ती गेलीच. संध्याकाळी जेवायला बसताना एक ताट उरलं, तेव्हा आठवण झाली. ही गोष्ट भुंगा हसत सांगायचा. तो सांगायला लागला की माझी बायको उठून आत जायची. तो आमच्याकडे राहायला आला आणि बाथरूममध्ये गेला की ती बाहेर काहीतरी काम काढून बसायची. बटण लावणं, कपड्यांच्या घड्या घालणं. गुणगुण चालू आहे तोवर तिचे हात चालू.

तर आम्ही मोठ्या शहरात निघालो. दारांच्या सामानाचं प्रदर्शन होतं.

"अहो, त्याला कुठल्या तरी लॉजमध्ये नेऊ नका. तिथल्या दारांचा भरवसा नसतो."

"म्हणून तर चेन हॉटेल. दारं एक नंबर. मीच विकलेली असतील."

"मग तर बघायलाच नको. आणि दोघं एकाच खोलीत राहा."

"मी घोरतो. तू केलंस लग्न, तू भोग. त्यानं काय पाप केलंय?"

"आणि थट्टा नको. तुमच्या थट्टा मला ठाऊक आहेत."

"ताई, मी काय पार्सल आहे का?" भुंगा बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"मी एकदा विसरलेय याला," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही विसरू नका. जसा नेताय तसा आणा."

"पावती फाडू का?" मी म्हणालो.

ती हसली नाही.

३

त्या शहरात आमच्या चेनच्या दोन शाखा. एक स्टेशनजवळ, एक प्रदर्शनाच्या मैदानाजवळ. शहाण्या माणसानं एकाच शाखेत शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या असत्या. पण एका हॉटेलात चारशे सात एकच असते, आणि शिष्याला पहिल्यापासून योग्य वळण लागावं असं मला वाटत होतं. म्हणून मी स्टेशनजवळच्या चारशे सातमध्ये, आणि भुंगा मैदानाजवळच्या चारशे सातमध्ये. मधे अख्खं शहर.

दुपारी खोलीत शिरलो. बटणाकडे न बघता दिवा लावला, बूट न काढता दाराकडच्या पलंगावर आडवा झालो. खिडकीत लख्ख ऊन. गालिच्यावर पडद्याची सावली. डोळा लागणार इतक्यात बाथरूममधून गुणगुण ऐकू आली.

पंखा असेल. नळाची हवा असेल. शेजारच्या खोलीतलं कुणी असेल, हॉटेलांच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. मी स्वतःला एवढं सगळं समजावून सांगितलं, आणि तेवढ्यात ती चाल त्या ठरलेल्या जागी आली, अडली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

उठलो, दार ढकललं. बाथरूम रिकामं. टॉवेल घडी घातलेले, साबण कागदात. आरशावर मात्र वाफ.

फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कुठे होतास रे?"

"आंघोळीला. भाऊजी, खोली अगदी तुम्ही सांगितली तश्शी. बटण कुठे असेल म्हणालात तिथेच. आणि मी पहिली बिजागरी बघितली, शिकवल्याप्रमाणे."

"शाब्बास. मग?"

"बाथरूमच्या दाराची मधली बिजागरी. तीन स्क्रू अधिकच्या खाचेचे, आणि एक वजाच्या. खालचा, डावीकडचा. त्याचं डोकंही जरा झिजलंय. फिटरकडचे संपले असणार."

मी फोन कानाला धरूनच वाकलो. मधली बिजागरी. तीन अधिकचे, एक वजाचा. खालचा, डावीकडचा. डोकं झिजलेलं.

आता माझी अक्कल काय म्हणाली ते ऐका. अक्कल म्हणाली, फिटर तोच असेल. एका पिशवीतून दोन्हीकडे सामान गेलं असेल. धंद्याची इतकी वर्षं गाठीशी असलेला माझ्यातला विक्रेता म्हणाला, कुठल्याही फिटरचा हात एकच चूक दोन इमारतींत त्याच भोकावर, तितक्याच झिजलेल्या स्क्रूनं करत नाही. दोघांचं भांडण लागलं. मी मधे पडलो नाही.

"काय करतोयस आता?"

"बसलोय. खिडकीकडच्या पलंगावर. गादी झकास आहे, भाऊजी."

मी खिडकीकडच्या पलंगाकडे पाहिलं. चादर कडक ताणलेली होती. फक्त मधोमध एक खड्डा होता. माणूस बसल्यावर पडतो तेवढा.

"ऊठ बरं जरा," मी म्हणालो.

"का?"

"ऊठ तर."

खड्डा सावकाश भरला. स्पंजचा भरतो तसा.

४

इथे सज्जन माणूस काय करेल? खाली जाऊन खोली बदलून घेईल. निदान मेहुण्याला सांगेल. मी काय केलं? मी किटलीचं बटण दाबलं.

थोड्या वेळानं फोन आला. "भाऊजी, इथली किटली आपोआप उकळायला लागली!"

"वायरिंग खराब असेल."

मग मी दिवा लावला, बंद केला. त्याचा फोन. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्याचा फोन. त्याच्या पलंगावर, खड्ड्याच्या अगदी शेजारी जाऊन बसलो आणि हलकेच उड्या मारल्या. खड्डा झटकन नाहीसा झाला आणि फोन असा वाजला की मला उशी तोंडात कोंबावी लागली.

"भाऊजी, माझ्या शेजारी कुणीतरी बसलं."

"बाई असेल तर नाव विचार. तुझं तिकडेच जमेल."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. मी तिकडे येतो झोपायला."

"हे बघ मेहुणे, तू आता बाजारात उतरलेला माणूस. खोलीला भ्यायला लागलास तर गिऱ्हाइकाला कसा भिडणार? गप पड तिथेच. काही लागलं तर मी आहेच."

हे मी त्याच्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर बसून बोललो. आयुष्यभर मी भुताच्या गोष्टी सांगत आलो. पहिल्यांदाच भुताची नोकरी मिळाली होती. तुम्ही सोडली असतीत?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉलवर भुंगा आला तो धुऊन वाळत घातल्यासारखा दिसत होता. समोर आमचं नमुन्याचं दार उभं, आजूबाजूला गिऱ्हाइकांची गर्दी, सगळीकडे कड्यांची खटखट. एका बिल्डरला क्लोजर दाखवत मी त्याला कोपरानं ढोसलं.

"झोप झाली का?"

"भाऊजी, खोलीत कुणीतरी आहे."

"कालचंच? बसणारं?"

"त्याचं काही नाही. ते बसतं, उठतं, दिवे लावतं, घोरतं." मी खोकलो. "ते माणसासारखं आहे. नंतर नंतर तर त्याची सोबत वाटायला लागली. दुसरं आहे ना, ते."

"दुसरं कोण?"

"पडद्याजवळचं. ते बसतच नाही. पलंगावर नाही, खुर्चीवर नाही. नुसतं उभं राहून मी काय करतो ते बघतं. मी दात घासले, तर त्याचाही हात हलला. बॅगेतून शर्ट काढला, तर तेही वाकलं. शिकत असल्यासारखं."

बिल्डर म्हणाला, "हे किती किलोचं दार ओढतं?" मी काहीतरी आकडा सांगितला. मी पडद्याजवळ एकदाही उभा राहिलो नव्हतो. चेनच्या शाखा किती आहेत, त्या प्रत्येकीत चारशे सात आहे, आणि आत्ता या क्षणी त्या एका खोलीत एकूण कोण कोण आहे, असा एक विचार आला. आणि गेलाही. गिऱ्हाईक समोर असताना मी असले विचार फार वेळ ठेवत नाही.

"आज संध्याकाळची गाडी आहे," मी म्हणालो. "दुपारी जाऊन बॅग भर, आंघोळ कर, नीट तोंड धू. ताईला असं तोंड दाखवू नकोस. मला रागावेल."

"आंघोळ घरीच करतो."

"घामट अंगानं गाडीत शेजारी बसू देणार नाही, सांगून ठेवतो."

तो कसनुसं हसला. "तुम्ही फोनवर राहा मग."

"आंघोळीच्या वेळी? शी. लोक काय म्हणतील?"

६

दुपारी मी बॅग भरून पलंगावर बसलो होतो. ऊन कालच्यासारखंच. बाथरूममध्ये पाणी पडायला लागलं, आणि गुणगुण सुरू झाली. आज जरा मोठ्यानं. घाबरलेल्या माणसाची असते तशी.

आता थोडं धंद्याचं. बाथरूमच्या कडीला बाहेरून, मुठीखाली एक बारीक खाच असते. आत कुणाला चक्कर आली तर बाहेरून नाणं घालून फिरवायचं, कडी उघडते. ही खाच दाखवूनच आम्ही माल विकतो. जी खाच उघडते ती लावतेसुद्धा, हे मात्र आम्ही सांगत नाही. आणि नाणं आडवं करून मुठीच्या तळाशी दाबून बसवलं तर आतला खटका फिरतच नाही, हे फक्त आमच्या जातीचे फिरते विक्रेते जाणतात. आम्ही एकमेकांना असंच कोंडतो. मलाही कोंडलंय. जेवणाच्या पैजेवर सोडायचं, अशी पद्धत आहे.

मी खिशातून नाणं काढलं. खाचेत घातलं. फिरवलं. टक्.

गुणगुण थांबली. चालीच्या मध्यावर, जिथे ती कधीच थांबत नसे तिथे.

मग पाणी थांबलं. मूठ खाली गेली, वर आली. खटका फिरवायचा प्रयत्न सुरू झाला. माझ्या बोटांतलं नाणं थरथरत उलट ढकललं जात होतं. शहराच्या पलीकडच्या टोकाचा माणूस, आणि त्याची ताकद माझ्या चिमटीत जाणवत होती. मी नाणं आडवं करून दाबून बसवलं आणि हात काढला.

आधी टकटक. मग थापा. मग, "कोण आहे? उघडा." मग, "भाऊजी?"

मी पलंगावर पडून उशी चावत होतो. थोडा घाबरेल, मग उघडू. गाडीत सांगू, पोट धरून हसू. ताईला सांगायचं नाही या अटीवर तो मला चहा पाजेल. एवढंच होतं माझ्या मनात. डोळे पुसत उठलो आणि समोर बंद टीव्हीच्या काळ्या काचेत खोली दिसली. पलंग. पलंगावर मी. आणि माझ्या मागे, पडद्यापाशी, एक उभा माणूस. चेहरा काचेत नीट दिसला नाही. त्याच्या हातातली बॅग नीट दिसली. भुंग्याची होती.

काचेतला माणूस चालू लागला. माझ्यामागून, पलंगाला वळसा घालून, दाराकडे. मी मान वळवेपर्यंत तिथे कुणी नव्हतं. खोलीचं दार मात्र लागत होतं. क्लोजरवर, हळूच, सस्स करत. माझाच माल. टक्.

फोन वाजला. स्क्रीनवर भुंग्याचं नाव.

"भाऊजी, आवरलं माझं," भुंग्याचा आवाज म्हणाला. "मी खाली आलोय, किल्ली देतोय. स्टेशनवरच भेटू या."

आवाज तोच. ताजातवाना. मागे लोकांची वर्दळ, काउंटरवरची घंटी.

आणि बाथरूमच्या दारातून, खालच्या फटीपाशी तोंड आणल्यासारखं, "भाऊजी, चेष्टा पुरे. श्वास कोंडतोय माझा."

"भाऊजी? ऐकताय ना?" फोन म्हणाला.

"उघडा ना," दार म्हणालं. आणि मग माझ्याशी नाही, लहान मुलासारखं, "ताई... ए ताई, मी इथे आहे."

मी नाण्यावर बोट ठेवलं. उघडलं आणि आत कुणी नसलं, तर मी वेडा. उघडलं आणि आत कुणी असलं, तर खाली कोण आहे? अकलेनं दोन्हीकडून विचार केला आणि ती थकून खाली बसली. नेलेला माणूस परत आणायचा होता, एक. आणि एक तर खाली किल्ली देत होता.

"येतोच," मी फोनमध्ये म्हणालो. बॅग उचलली. दार माझ्यामागे लागलं, हळूच, सस्स करत, आणि थापा मधेच तुटल्या.

७

स्टेशनवर तो आधीच उभा होता. भांग पाडलेला, शर्टाला इस्त्री. हॉटेलच्या साबणाचा वास.

"काही... झालं नाही ना?" मी विचारलं.

"कुठे काय? उगाच घाबरत होतो. काही नसतं, भाऊजी."

गाडी सुटल्यावर त्यानं माझा हात उलटा केला, तळव्यावर काहीतरी ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून मिटली.

"तुमचं दाराला राहिलं होतं," तो म्हणाला.

मूठ उघडून बघायची गरज नव्हती. नाणं गार होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मी, खिडकीबाहेर.

घरी पोचलो तेव्हा सकाळ झाली होती. बायकोनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, तोंडावरून हात फिरवला. "बारीक झालास," म्हणाली. तो "आंघोळ करून येतो," म्हणाला. तिनं सवयीनं घडी न घातलेले कपडे ओढले आणि बाथरूमबाहेर बसली.

आतून कडी लागल्याचा आवाज आला. स्वच्छ, सरळ, एका दमात.

तिचे हात थांबले. ती ऐकत राहिली. आत पाणी पडत होतं, बाकी काही नाही.

"अहो," ती कुजबुजली, "त्यानं कडी लावली."

"हं."

"गुणगुणत नाहीये."

"हं."

मला वाटलं, आता ओळखते. आता विचारते, हा कोण आणलात? आणि मनातल्या मनात मी सुटलोही. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि ती रडायला लागली. पण असं रडणं मी तिचं कधी पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षांचा काटा निघाल्यावर रडावं तसं.

"विसरला तो," ती म्हणाली. "सगळं विसरला. सुटले मी. तुम्ही नेलंत म्हणून झालं हे. तुमचे उपकार कसे फेडू?"

त्या दिवसापासून ती रात्रभर गाढ झोपते. लग्न झाल्यापासून कधी झोपली नव्हती. आणि तो? तो उत्तम आहे. धंद्यात माझ्यापुढे गेलाय. टॉवेलच्या घड्या अशा घालतो की बायको मला दाखवून टोमणे मारते. फक्त आमचा सोफा जुना आहे, कुणीही टेकलं की मधे खचतो. तो बसला की खचत नाही. दिवसभर बसला तरी उठल्यावर गादी कडक, ताणलेली. हे मी एकट्यानंच पाहिलंय. बायकोला दाखवायचं, तर काय सांगून दाखवू?

८

लोक विचारतात, अजून त्याच चेनमध्ये का उतरता? त्याच खोलीत?

मी सांगतो, सवय. दोन पलंग, मधे दिवा, हात आपोआप बटणावर जातो.

खोली झाडायला येणाऱ्या बाईला मी एकदा विचारलं, "बाथरूमचं दार अडकतं का हो?"

"नाही साहेब. लोण्यासारखं उघडतं. आरशावर मात्र सारखी वाफ असते. कितीही पुसा."

ती आत जाते, पुसते, बाहेर येते. तिला काही होत नाही. ती गेली, बाथरूमचं दार लागलं, की मी पलंगावर बसतो. उड्या मारत नाही. हलकेच बसतो. पण त्याला कळतं. ते माणसासारखं आहे, त्याची सोबत वाटते, असं तोच म्हणाला होता.

थापा आता नसतात. नखानं ओढल्यासारखा आवाज येतो, खालच्या फटीपाशी. मी मुठीला हात लावत नाही. मला जायचं असेल तर खाली लॉबीतलं वापरतो. उघडलं तर दोन होतील, आणि घरी ताट एकालाच आहे. पण मी बोलतो त्याच्याशी. घरची खबर सांगतो. ताई बरी आहे. ताईची झोप सुधारली. आपला तो माल चांगला चाललाय.

मागच्या खेपेला म्हणालो, "मेहुणे, तुझं लग्न ठरलं. मुलगी चांगली आहे. ताईनं स्वतः पसंत केली."

आवाज थांबला. इतका वेळ थांबला की मला आशा वाटली, संपला असेल. आणि मग दारापलीकडे गुणगुण सुरू झाली. तीच चाल. नेहमीच्या जागी आली.

अडली नाही. पुढे गेली.

आठवलं होतं त्याला. तिथे दुसरं करायला आहे काय? फार सुंदर आहे पुढचा भाग. मी उठलो आणि लॉबीत जाऊन बसलो.

तर यात घुसडलेलं कुठलं, ते सांगायचं कबूल केलं होतं. बिजागरी खरी, नाणं खरं, बायकोचं रडणं खरं. खोटा आहे तो फक्त खोलीचा नंबर. चारशे सात हा आकडा मी आत्ता, लिहायला बसल्यावर बनवला. खरा सांगितला असता तर काउंटरवर तुम्ही म्हणाला असता, "तेवढी सोडून कुठलीही द्या."

आणि मग त्याला सोबत कुणाची?